लपवलेला वॉकर

आमच्या आईला एखादा माणूस आवडला की ती आधी त्याला खायला घालते आणि मग त्याचं कूळ विचारते. माझा पाय मोडला त्या वर्षी तिला माझा फिजिओथेरपिस्ट आवडला.

हिंजवडीहून कामावरून नांद्याला घरी येताना खडीवरून माझी स्कूटर घसरली आणि उजव्या मांडीचं हाड मोडलं. आत रॉड बसला. ऑपरेशननंतर भूगावच्या एका क्लिनिकमधला तरुण फिजिओथेरपिस्ट व्यायाम करून घ्यायला घरी येऊ लागला. मी घरात सगळ्यांवर आवाज चढवणारी, आणि आता संडासला जायचं तरी आईला हाक मारायची. आम्ही भाड्यानं दिलेल्या खोल्यांमधल्या बाया खिडकीतून डोकावून "दीदी, दर्द है क्या?" विचारायच्या. येणारा-जाणारा हळहळायचा. हा एकटा हळहळत नसे. "गुडघा वाकवा," म्हणायचा. मी नको नको ते बोलायचे, तो ऐकून घ्यायचा आणि गुडघा वाकवून घ्यायचा.

चालवताना तो नेहमी माझ्या उजव्या बाजूला, अर्धं पाऊल मागे असायचा. कमरेजवळ हात तयार, पण गरज पडल्याशिवाय लावायचा नाही. पेशंट पडलाच तर कमजोर बाजूला पडतो, म्हणून तिथंच उभं राहायचं, ही त्यांच्या कामाची पद्धत. मला कुठली पद्धत दिसायला? मागे एक माणूस आहे आणि तो मला पडू देणार नाही, एवढंच मला दिसत होतं. त्यावर मी त्याच्या प्रेमात पडले. पायाच्या व्यायामासाठी मी केस धुऊन बसायचे, यावरून काय ते ओळखा.

आईच्या नजरेतून काही सुटत नाही. मी भिंतीला धरून टाचा उचलत असताना ती चहा घेऊन यायची.

"डॉक्टर, तुमी मूळचे कुटले? घरी कोन कोन हाय? लग्नाचं बगत्यात का न्हाई?"

तो कानापर्यंत लाल व्हायचा आणि मला म्हणायचा, "टाच पूर्ण टेकवा." त्या लाल कानांवरून मला कळायचं ते कळलं होतं.

मग आईनं शक्कल लढवली. एका दिवशी बरोब्बर व्यायामाच्या वेळेला उरवड्याहून मामाला बोलावून घेतलं. कांदेपोहे केले. मला साडी नेसवून बैठकीत खुर्चीवर बसवलं. माझा वॉकर मात्र उचलून आत धान्याच्या पिंपामागे नेऊन ठेवला. "मुलगी दावायची तर म्होरं ते घोडं कशाला?" म्हणाली. मी हसले. मला ते सगळं हवंच होतं.

तो आला आणि दारातच थबकला.

मामा म्हणाला, "या, बसा. आज व्यायाम ऱ्हाऊ द्या. आमची पोरगी पसंत हाय का, तेवडं सांगा. तिची पसंती हाय."

तो बसला नाही. खोलीभर नजर फिरवून त्यानं विचारलं, "वॉकर कुठंय?"

"आत ठिवलाय," आई म्हणाली.

"मग यांना आत्ता इथून उठून जायचं असेल, तर त्या कशा जाणार?"

"ती कशाला जाईल?" मामा म्हणाला. "तिच्या मनासारखंच चाललंय की."

"असेल. पण आज त्या पाऊल टाकायलाही माझ्यावर अवलंबून आहेत. आज त्यांचा होकार मी घेऊ शकत नाही, आणि माझ्या मनातलं सांगूही नये. उद्यापासून आमच्याकडच्या मोठ्या मॅडम येतील. या स्वतःच्या पायांनी कामावर जायला लागू देत. तेव्हा यांना वाटलं तर बोलवा. नाही बोलावलंत तरी माझा राग नाही."

आत जाऊन त्यानं वॉकर आणला, माझ्यासमोर ठेवला, पकड घट्ट आहे का पाहिली आणि गेला. पोहे बशीतच गार झाले.

मी रडले, मग चिडले. एवढा कसला शहाणा, असं दिवसभर घोकत राहिले. मॅडम कडक होत्या. त्यांच्यासाठी मी केस धुतले नाहीत. काम संपवून निघताना त्याच मला म्हणाल्या, त्यानं स्वतः होऊन सांगितलं होतं, मन गुंतलंय, ही पेशंट माझ्याकडून काढून घ्या. आमच्या घरात त्याला अडवणारं कोण होतं? आई राजी, मामा राजी, मी तर गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेली. एकट्यानं स्वतःला अडवलं त्यानं. माझा राग त्या दिवशी गेला, आणि त्याच्याबद्दलचा आदर अजून आहे तसा आहे.

पुढच्या काळात त्याचा एकही फोन आला नाही. मी पुन्हा कामावर जाऊ लागले, स्कूटरही चालवू लागले. आईनं मला विचारलं, "बोलवू का त्याला?" मी हो म्हटलं. तो त्याच्या आत्याला घेऊन आला. या खेपेला पोह्यांचा ट्रे मी स्वयंपाकघरातून स्वतः आणला. त्यानं माझ्या पायांकडे पाहिलं नाही, तोंडाकडे पाहिलं.

अंगणात आम्ही दोघंच बोललो. त्यानं सरळ विचारलं. बोलावताना मला वाटलं होतं, हो म्हणेन. पण मी जितकी चालत गेले तितकी ती ओढ कमी होत गेली होती. अंथरुणावर असताना मला कुणाचा तरी आधार हवा होता आणि तो आधार फार चांगला निघाला. नवरा म्हणून मी त्याला कधी पाहिलंच नव्हतं, हे मला तिथं अंगणात कळलं. मी नाही म्हटलं, आणि सांगताना मला रडू आलं.

त्यालाही लागलं, ते दिसलं. तो म्हणाला, "तेव्हा विचारलं असतं तर?"

"हो म्हटलं असतं."

त्यानं मान डोलावली.

आई आजही म्हणते, "असा जावई हातचा गेला." मी तिच्याशी वाद घालत नाही.

आमच्या दारापासून रस्त्यापर्यंत उतार आहे, आणि पलीकडच्या इमारतींच्या कामाची खडी त्यावर सदैव सांडलेली असते. त्या दिवशी आत्याला पुढे घालून तो निघाला, आणि मी पोचवायला म्हणून मागोमाग उतरले. खडीवर माझा पाय जरा सरकला, आवाज झाला. त्याला तो ऐकू गेला असणार. पण तो थांबला नाही, वळलाही नाही. मी सावरले आणि फाटकापर्यंत त्याच्या मागे चालत गेले.