सोपानकाकांची वरची कड

मापं घेणाऱ्या माणसांत राहिलं की किस्से जमवावे लागत नाहीत, माणूस चुकला की एक जमा! मी वेल्ह्याकडच्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो, त्यामुळे माझ्याकडे साठा भरपूर. त्यातले निम्मे माझेच आहेत, पण ते इतर लोक सांगतात.

आमचे लॅब अटेंडंट सोपानकाका परवा रिटायर झाले, म्हणून हे सगळं आठवलं. आवारातल्या पर्जन्यमापकाचं काम त्यांच्याकडे. अकरा वर्षं रोज सकाळी साडेआठला साठलेलं पाणी काचेच्या मोजपात्रात ओतायचं, आकडा वाचायचा, वहीत लिहायचा. पुण्याहून पावसाचा अभ्यास करणाऱ्या एक मॅडम ती वही बघायला येणार होत्या. पसंत पडली तर अभ्यासात घेणार, नाहीतर वही रद्दीत. रिटायर व्हायच्या आधी एवढा निकाल लागावा म्हणून काका देव पाण्यात घालून बसले होते.

त्या वहीची मला धास्ती होती. का, ते शेवटी सांगतो.

*

आधी धोंडिबा आजोबा. वरच्या वाडीवर त्यांची शेळ्या-मेंढ्यांची खिल्लारं. एकदा करडू काखेत मारून थेट लॅबमध्ये आले. "सर, डाक्टरनं वजनावर औषद सांगितलंय. जरा काटा द्या."

करडू काट्यावर थांबेना. मग आजोबा आधी एकटे उभे राहिले, नंतर करडू घेऊन. मला राहवेना. म्हटलं, "आजोबा, हा काटा रिकामा असतानाही दोन किलो दाखवतो. तुमचं वजन चुकणार."

"दावू दे की! माज्यात बी दोन वाढलं, आमच्या दोगांत बी दोन वाढलं. वजा केल्यावर करडाच्या वाट्याला काय ऱ्हातंय?"

हेच शिकवायला मला दोन तास आणि अख्खा फळा लागतो. आजोबा औषधाचा हिशोब करून चढाला लागलेसुद्धा!

*

प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बाहेरून परीक्षक आले होते. लंबकाचा प्रयोग. वीस वह्या तपासल्या, वीसही जणांचं उत्तर नऊ पॉइंट एक्क्याऐंशी. पुस्तकातलं!

परीक्षक चष्मा पुसत मला म्हणाले, "तुमच्या गावात गुरुत्वाकर्षण फार शिस्तीचं दिसतं!"

मी खाली बघायला लागलो. एकविसावी वही सारिकाची. पाच वेळा मोजलेलं, पाचही वेळा वेगळं, कधी थोडं जास्त, कधी थोडं कमी.

"असं का गं?" परीक्षकांनी विचारलं.

"सर, खिडकीतून वारं येत हुतं. आन् म्या पाची येळंला खरंच मोजलं."

पैकीच्या पैकी मार्क एकटीलाच मिळाले. पुढच्या वर्षी सगळ्यांच्या वहीत वारं आलं. खिडक्या बंद होत्या तरी!

*

खेळाचे शेलार सर म्हणजे उत्साहाचा झरा. त्यांच्या मोजपट्टीचा पहिला फूटभर तुकडा केव्हाच तुटून गेलेला, पण सर उरलेलं टोक ठेवून बिनधास्त मोजायचे. त्यामुळे आमच्या मुली लांब उडीत दरवर्षी भन्नाट!

तालुक्याच्या स्पर्धेत सगळ्याच्या सगळ्या बरोबर फूटभर आखूड पडल्या. शेलार सर हादरले. "एक चुकली तर समजतं, सगळ्या एकदम कशा काय चुकल्या?"

त्यावर एक मुलगी धीर देत म्हणाली, "सर, पुढच्या वर्सी आपली पट्टी घिऊन येऊ."

*

स्टाफरूमचं घड्याळ सात मिनिटं पुढे. ते सगळ्यांना माहीत, त्यामुळे कुणाची अडचण नव्हती. साडेपाचची एसटी गाठायची तर घड्याळात पाच सदतीस झाले की एसटीची वेळ, असा सरळ व्यवहार.

नवे प्रिन्सिपॉल आले, शिस्तप्रिय. त्यांनी रविवारी स्टुलावर चढून मोबाईलवर बघून घड्याळ बरोबर केलं आणि कुणाला सांगितलं नाही. सोमवारी आम्ही निवांत सात मिनिटं वजा करून निघालो. एरवी कधी लवकर, कधी उशिरा, अशी लहरीप्रमाणे येणारी एसटी नेमकी त्याच दिवशी वेळेवर! आम्ही फाट्यावर धूळ खात उभे.

दुसऱ्या दिवशी जीवशास्त्राच्या कांबळे मॅडम प्रिन्सिपॉलांना म्हणाल्या, "सर, चांगलं चाललेलं घड्याळ बिघडवलंत!"

"अहो, पण आता ते बरोबर आहे!"

"तेच तर!"

संध्याकाळी प्रिन्सिपॉल स्वतः पुन्हा स्टुलावर चढले.

*

आता माझ्या धास्तीचं कारण. मोजपात्रात पाणी काचेच्या कडेला चिकटून किंचित वर चढतं आणि मध्ये खोलगट राहतं. वाचायचं ते मधलं, खालचं. सोपानकाका वाचायचे वरची कड. मी पहिल्या वर्षापासून त्यांच्या मागे लागलो होतो. "काका, खालची कड वाचा."

"आन् वर चढलंय त्यो काय पाऊस न्हाई व्हय?"

मी पुन्हा आकृती काढायचो. शेवटी ते मान डोलवायला लागले, "व्हय सर, व्हय सर." मी खूश.

मॅडम आल्या. वही चाळून बघितली, मोजपात्र मागवलं, काकांना समोर वाचायला लावलं. काकांनी वाचली वरची कड. मी घाईघाईने म्हटलं, "मॅडम, मी यांना पहिल्या वर्षापासून खालची कड वाचायला शिकवलंय!" मॅडम म्हणाल्या, "एक बारीक रेघ जास्त वाचता तुम्ही. हरकत नाही, पावसाच्या प्रत्येक दिवसातून एक रेघ वजा करू."

मग त्यांनी मध्येच वेगळ्या अक्षरातली पानं काढली. काका रजेवर असताना मी, शेलार सर, कांबळे मॅडम, ज्याला जमेल त्याने घेतलेले आकडे. त्यांच्यावर लाल पेन्सिलीने सरळ काट मारली. "यात कोण कुठली कड वाचतंय काहीच कळत नाही."

आम्ही तिघंही खिडकीबाहेर तोरणा बघायला लागलो.

"आता शेवटचा प्रश्न," मॅडम काकांकडे वळल्या. "तुमचे सर म्हणतात, त्यांनी तुम्हाला खालची कड वाचायला शिकवलं. मग कधी वरची, कधी खालची, असं झालं असेल तर ही वही मला घेता येणार नाही. नीट आठवून सांगा. सरांचं ऐकून किती दिवस खालची कड वाचलीत?"

काकांचा चेहरा उतरला. त्यांनी एकदा वहीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. माझा जीव टांगणीला. अकरा वर्षांचा पाऊस माझ्या आकृत्यांनी वाहून जायची वेळ आली होती!

काकांनी हात जोडले, मॅडमना नव्हे, मला.

"सर, रागावू नगा. म्या तुमचं एक दिस बी ऐकल्यालं न्हाई!"