हिरव्या साडीतली सवत

ठाण्यात बसून मी पुष्कळ भांडणं ऐकली. पण चाकूरकडच्या त्या बाईचं प्रकरण माझ्या मनातून अजून गेलेलं नाही.

मी होमगार्ड होते. आमच्या ठाण्यात महिला शिपाई एकच. ती रजेवर गेली की बाईमाणसाच्या जबाबाला मला बसवायचे. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, म्हणून लिहायचं काम माझ्याकडं नसायचं. भिंतीशी बसायचं आणि ऐकायचं. मी स्वभावानंच गप्प, त्यामुळं साहेबांना माझी अडचण कधी वाटली नाही.

ती बाई दुपारी जेवणाच्या वेळेला आली. तिशीतली, ठेंगणी, केस घाईत बांधलेले. कॅरीबॅगमधून एक घडी घातलेला कागद काढून तिनं जमादारांच्या टेबलावर ठेवला.

"माझ्या नवऱ्यानं बाई ठेवलीय. हा पुरावा."

जमादारांनी डबा बाजूला सारून चष्मा लावला. लातूरच्या शिबिरात नसबंदी केल्याचा कागद होता. ते हसले.

"अहो, हा तर गुणाचा माणूस निघाला. बायकोला त्रास नको म्हणून स्वतः केली."

"दादा, माझं ऑपरेशन धाकट्या पोरीच्या वेळंलाच झालंय. सहा वर्षं झाली. मग ह्यानं कुणासाठी करून घेतली?"

जमादारांनी डब्याचं झाकण लावलं आणि साहेबांना आत वर्दी दिली.

नवरा लातूरला डाळमिलमध्ये मशिनवर होता. चार दिवस घरी नाही, कामावर नाही, फोन बंद. साहेब म्हणजे आमचे फौजदार म्हणाले, "मिसिंग दाखल करून घेऊ."

"हरवला न्हाई तो, साहेब. दुसरीला सापडलाय."

तशी नोंद कुठल्याच रजिस्टरला होत नाही. मिसिंगच दाखल झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खबर आली. बाईच्या गावचा एक बांगडीवाला नांदेडला फिरून धंदा करायचा. त्यानं फोनवर सांगितलं की बाजारामागच्या गल्लीत एका घरात हा माणूस तीनदा जाताना दिसला. दारात एक बाई होती, उंच, हिरवी साडी, हात भरून बांगड्या.

हे ऐकून तक्रारदार बाई एकच शब्द बोलली. "उंच?"

जीपमध्ये ती माझ्याजवळ बसली होती. अहमदपूर मागं पडलं. मग म्हणाली, "ताई, हिरवा रंग मला शोभत न्हाई, असं तो म्हणायचा. आता कळलं कुणाला शोभतो ते." तिची जळजळ मला कळत होती. 

नांदेडच्या त्या घराचं दार वाजवलं. हिरव्या साडीतल्या बाईनं उघडलं आणि साहेब काही बोलायच्या आत आमच्या बाईनं तिच्या केसांना हात घातला. मी सोडवायला गेले. तेव्हा जवळून पाहिलं. पन्नाशी ओलांडलेला चेहरा, हनुवटी निबर, आवाज जाड. तृतीयपंथी होती ती.

"सोड गं माझे केस," ती म्हणाली. "आधीच थोडे राहिलेत."

आमच्या बाईचा हात तसाच हवेत राहिला.

"तू त्याची बायको ना? बस. मी बाई म्हणून त्याला घरात घेतला असता तर तुझं काम सोपं होतं. झिंज्या उपटून गेली असतीस."

तिनं आम्हाला पाणी दिलं आणि सगळं सांगितलं. हा माणूस तिच्याकडं विचारायला यायचा, की पुरुषपण कायमचं काढून टाकायचं तर काय करावं लागतं. नसबंदी केल्यावर मन शांत होईल अशी त्याची समजूत होती. तसं काही झालं नाही, म्हणून आता पुढचा विचार. तिनं तिन्ही वेळा त्याला हाकलला होता.

"मी त्याला म्हटलं, बेटा, माझी गोष्ट वेगळी. मी लहानपणापासून आतून बाईच होते. तू पुरुष आहेस, तू कशाला? तर म्हणतो, देवासाठी. आता त्याला राज्याच्या सीमेपलीकडचा कुणी वैदू भेटलाय. उद्या सकाळी त्याचा माणूस लातूरच्या लॉजवर न्यायला येणार. साहेब, तसल्या हातानं केलं तर वाचत नाहीत. माझ्या बरोबरीच्या दोघी गेल्यात."

साहेबांनी लॉजचं नाव विचारलं. तिला ते माहीत नव्हतं, स्टँडजवळचा एवढंच. पण साहेब उठले तशी तीही चप्पल घालून उठली. "मीबी येते. तुमचं ऐकायचा न्हाई तो."

परत जाताना मागच्या बाकावर आम्ही तिघी. हिरव्या साडीवालीला मी आता मावशी म्हणत होते. आमच्या बाईनं आधी पदर आवरून अंतर ठेवलं होतं. लोह्याजवळ रस्ता खराब लागला, जीप उसळली, मावशीचं डोकं वर आपटलं. तेव्हा बाईनं तिला न बोलता पाण्याची बाटली दिली.

लातूरला स्टँडजवळचे लॉज तपासले. तिसऱ्या लॉजच्या रजिस्टरला त्याचं खरं नाव होतं. असा माणूस लपत नसतो, हे साहेबांनी तिथंच ओळखलं. खोलीत तो आंघोळ करून, कपाळाला भस्म लावून बसला होता. डाव्या तळहातावर लिंगायतांचं पूजेचं इष्टलिंग. आम्हाला बघून त्यानं ते शांतपणे वस्त्रात गुंडाळून गळ्यात घातलं. बायकोकडं बघितलं नाही.

तिथंच चौकशी सुरू झाली.

"न्यायला येणारा माणूस कोण?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, मी कुणाचं काही नेलेलं न्हाई. माझं अंग, माझा देव. हा गुन्हा हाय का?"

"तो वैदू करतोय तो गुन्हा आहे. तुला मठातल्या महाराजांनी सांगितलं हे?"

"न्हाई. महाराज म्हणाले, आपल्या मार्गात असलं काही नसतं, संसार कर. पण त्यांना माझी रोजची पूजा दिसत न्हाई."

साहेबांनी पोरांची आठवण काढली, दम दिला, समजावलं. त्याचं एकच उत्तर. "आज अडवाल. पुढच्या महिन्यात जाईन."

मग साहेब फोन करायला बाहेर गेले. खोलीत आम्ही चौघं. मी जबाबात कधी बोलत नसे. त्या दिवशी कसं कोण जाणे, तोंडातून गेलं.

"तुम्ही बायकोला कधी मारलंय का?"

तो माझ्याकडं वळला. मग म्हणाला, "न्हाई. हात उठंल म्हणूनच तर."

आणि तो बोलायला लागला. "ही दूधवाल्याशी बोलली की माझ्या डोक्यात किडे. पोरांच्या मास्तराशी बोलली की किडे. मिलमध्ये मशीन चालू असतंय आणि मी घरी काय चाललं असंल ते बघत राहतो. हातावर लिंग घेऊन डोळे मिटले की देव दिसत न्हाई, हीच दिसती, आणि हिच्याशी हसणारा कुणीतरी. हिचा काही दोष न्हाई, मला कळतंय. दोष माझ्या अंगात हाय. ते अंगच काढून टाकलं की संशय जाईल, देव तरी दिसंल."

बायको भिंतीला टेकून खाली बसली. नऊ वर्षं संसार करून तिला यातलं काही माहीत नव्हतं.

मावशी त्याच्यासमोर जमिनीवर बसली.

"तुला वाटतं संशय तिथं राहतो? माझ्याकडं बघ. माझं सगळं काढून तीस वर्षं झाली. गेल्या साली माझी चेली मला सोडून दुसऱ्या गुरूकडं जाऊन राहिली. मी तिच्या दारावरून दिवसातनं चार चार खेपा घातल्या. कुणाशी बोलती, कुणाला हसती. भाकर गोड लागंना. आता मला सांग, माझा संशय कुठून आला?"

त्यानं गळ्यातल्या वस्त्राला हात लावला.

"सांग की. काय काढून टाकू मी?"

त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. साहेब आत आले तेव्हा तो रडत होता आणि मावशी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. न विचारता त्यानं फोन साहेबांकडं दिला. नंबर त्यातच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी न्यायला आलेला माणूस लॉजच्या दारातच ताब्यात घेतला, त्याच्यावरून वैदू सापडला आणि गुन्हा दाखल झाला.

निघताना साहेबांनी बायकोला विचारलं, "बाई, नेता का घरी?"

"नेते. पण एक सांगा त्यांना. संशय आला तर मला विचारायचं. देवाजवळ माझ्या चुगल्या करायच्या न्हाईत."

साहेब हसले. मावशी तर मोठ्यानं हसली.

पुढं जबाबाला दोघं ठाण्यात आले. बायकोचा जबाब लांबला. ती बाहेर व्हरांड्यात आल्यावर तो म्हणाला, "आत जमादाराशी इतका वेळ काय बोलत होतीस?" तिनं एकेक शब्द सांगितला. तो मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकत होता. कान लाल झाले होते. संशय गेलेला नव्हता. पण तो विचारत होता आणि ती सांगत होती.

नोकरीत संशयी नवरे मी बरेच पाहिले. कुणी बायकोचे केस कापले, कुणी दाराला कुलूप घातलं. सगळ्यांना दोष बायकोच्या अंगात दिसायचा. स्वतःच्या अंगात शोधणारा हा एकच. तोही मरायला निघाला होता, म्हणून त्याचं कौतुक करत नाही. पण त्या प्रकरणानंतर असा नवरा समोर आला की मी साहेबांना हळूच सांगायचे, ह्याला दोष कुठं दिसतो ते आधी विचारा. त्यावरून पुढचं कळतं.

एक गोष्ट तेव्हा कुणाला सांगितली नाही. लॉजच्या खोलीत, कधी मारलंय का या प्रश्नाला तो "न्हाई" म्हणाला, तेव्हा मला त्या बाईचा हेवा वाटला. माझे मालकही संशयी होते. मी बंदोबस्ताला गेले की गर्दीत लांबून बघत उभे राहायचे. ते जाऊनही आता बरीच वर्षं झाली. तरी ठाण्याच्या व्हरांड्यात त्यानं बायकोला विचारलेला तो प्रश्न आठवला की अजून जळतं. आमच्या घरात आधी हात यायचा, प्रश्न मागाहून.