क्रुसाचा चौथरा कोणी धुतला

एकोणीसशे पन्नासनंतरच्या एका मे महिन्यात, क्रुसाच्या सणाच्या संध्याकाळी, चेंबूर गावठाणात फादरांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेऊन मला विश्वासू सेवक म्हटलं. ती माहिती चुकीची होती. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही — तुम्हालाच पहिल्यांदा सांगतो आहे.

मी तेव्हा बावीस वर्षांचा, मॅट्रिक झालेला, बिनकामाचा. उशिरापर्यंत झोपायचो. म्हणून अंतोनकाकांनी — क्रुसापुढची प्रार्थना तेच चालवायचे — मला सेवा नेमून दिली: सणापर्यंत रोज पहाटे क्रुसाचा चौथरा धुवायचा, वाळलेले हार काढायचे, दिव्यात तेल घालायचं. अर्ध्या तासाचं काम. किती दिवस केलं मी? दोन.

तिसऱ्या दिवशी नऊला पोचलो, तर चौथरा धुतलेला. शेजारी जानकीबाई हात पुसत उभी होती. मानखुर्दकडून मासे विकायला येणारी कोळीण. पाटी टेकवायला तिला तोच चौथरा लागायचा.

"आलास राजा?" ती म्हणाली. "तुजा देव आंघोळ करून बसलाय. तू कवा करशील?"

मी हसलो. तीही हसली. चौथ्या दिवशी मी गेलोच नाही. ती रोज धूत राहिली.

काका विचारायचे, "पहाटे उठतोस ना रे?" मी म्हणायचो, "हो काका." — इतकं सोपं होतं ते.

सणाला पताका लागल्या, मडक्याचं घुमट वाद्य वाजलं, उकडलेले चणे वाटले. फादर म्हणाले, आळशी माणूस दुसऱ्याच्या घामावर जेवतो. आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, हा बघा, हा बदलला. मागे जानकीबाई चणे खात होती. हसताना तिला ठसका लागला. मी फक्त तिचं नाव घ्यायचं होतं — का नाही घेतलं? भीती नव्हती. मला फार आनंद झाला होता, एवढंच.

त्या कौतुकापाठोपाठ फादरांनी शिफारसपत्र दिलं, आणि एका वर्तमानपत्रात मुद्रितं तपासायची नोकरी लागली. पुढे आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त केल्या. ही नाही.

नोकरी सकाळची. पहिल्याच पहाटे क्रुसापाशी जानकीबाई भेटली. सण सरला तरी तिचं धुणं चालूच होतं.

"काय लिवलंय रं फादरनं पत्रात?"

"मी पहाटे उठतो म्हणून."

"मंग आजपासून खरं झालं ना. जा, पानी ओढ."

तेव्हापासून रोज पाणी मी ओढायचो, चौथरा ती घासायची. ती गावभरच्या गिऱ्हाइकांच्या नकला करायची. हसताना माझी बादली अर्धी सांडायची. दिवसातली सगळ्यांत चांगली वेळ तीच.

एकदा फादर तिथून जाताना थांबले. तिला म्हणाले, "बाई, आमच्या मुलाला मदत करता. देव तुमचं भलं करो."

जानकीबाईने माझ्याकडे पाहिलं. मी बादली उचलली आणि विहिरीकडे गेलो.