रिग्गईतला कुंबिया

परवा वीज आली म्हणून मेणबत्ती विझवली, आणि त्या वासानं मला थेट १९९०च्या कुवेतमध्ये नेलं बघा. तिथल्या रिग्गई भागात आमच्या शेजारी मार्ता राहायची, कोलंबियाची. तिचा नवरा आणि आमचे हे रिफायनरीत बरोबर. एका शुक्रवारी ती मला त्यांचा कुंबिया नाच शिकवत होती. बाईनं पेटत्या मेणबत्त्या धरून पावलं सरकवायची, पुरुषानं टोपी घेऊन तिच्याभोवती फिरायचं. साडीला अगदी सोयीचं! ह्यांनी एकदा तरी माझ्याबरोबर नाचावं, एवढीच माझी हौस. आणि हे खांबासारखे उभे. शेवटी मार्तानं टोपी ह्यांच्या डोक्यावरच ठेवली.

समोर टोपी घातलेला नवरा, हातात ज्योत. माझा हात आपोआप गोल फिरला की! मी चक्क ओवाळायलाच लागले.

"अगं, पाट तरी मांडायचास!" म्हणत हे खो खो हसले, आणि हसता हसता पाय सरकू लागले. नाचले की हो!

तेव्हा मी लाजून चूर झाले होते. आता वाटतं, बरं झालं चुकले. त्याच उन्हाळ्यात लढाई आली, सगळे पांगलो. पण दर पाडव्याला ओवाळून घेताना ह्यांचे पाय अजून जागेवर राहत नाहीत.