दाजींचा त्या सकाळचा चमचा

आमचे दाजी क्लेटस देल्व्हो, म्हणजे माझी बहीण लुसील हिचे यजमान, आठवडाभर चीजच्या कारखान्यात राबायचे आणि उरलेला सगळा वेळ माशांना काय दिसतं याचा विचार करायचे. उन्हाळ्यात मिशिगन सरोवराचं वरचं पाणी कोमट होतं, मग ट्राउट आणि सामन गारव्याला खोल जातात. तिथपर्यंत पोचायचं तर बोटीतून तारेवर शिशाचा गोळा सोडायचा, त्याला गळाची दोरी अडकवायची आणि टोकाला आमिष म्हणून पत्र्याचा रंगीत चमचा लावून सावकाश ओढत न्यायचा. पण कुठला चमचा? लाल रंग तेवढ्या खोलात काळा दिसतो. हिरवा-निळा तग धरतो. अंधारात चमकणाऱ्यावर कधी झुंबड उडते, कधी कुणी ढुंकूनही बघत नाही.

दाजींनी यावर घरच्या घरी उपाय काढला होता. दिवे घालवून ते दिवाणखान्यात सतरंजीवर उताणे पडत. ते मासा. त्यांची एकुलती लेक रोझान, तेव्हा जेमतेम शाळेत जाऊ लागलेली, दोरीला चमचा बांधून त्यांच्या तोंडावरून ओढत न्यायची.

“हळू गं! सामन म्हातारा आहे.”

“मग चावा ना, बाबा!”

“भूक नाही. निळा आण.”

लुसील स्वयंपाकघरातून ओरडायची, “त्या माशाला म्हणावं जेवायला ये, नाहीतर ताट मांजराला देते!”

इतक्या कष्टाने निवडलेला चमचा कुणी जगाला सांगतं का? आमच्या अल्गोमा बंदरात तर कुणीच सांगत नाही. मासा हिरव्यावर लागला तर बोटीच्या रेडिओवर जांभळा म्हणायचं, उत्तरेला असलो तर दक्षिणेला म्हणायचं, ही आमची रीतच. दाजी त्यातले वस्ताद. एकदा त्यांनी गुलाबी ठिपक्यांची थाप मारली, तर दुपारच्या आत दुकानातले गुलाबी चमचे संपले आणि बंदरातल्याच व्हर्जिल पावलिकने बायकोच्या नेलपॉलिशने घरीच एक रंगवला.

रोझानचं लग्न जुलैतल्या एका शनिवारी होतं, दुपारी एक वाजता. चर्चमागे भल्यामोठ्या कढईत कोंबडीचा बूया, म्हणजे आमच्याकडचा दाट रस्सा, रटरटत होता आणि दाजी पहाटेच बोट घेऊन गेले होते. मीही माझ्या बोटीतून पाण्यावरच होतो. आमच्याकडे लग्न आहे म्हणून कुणी जुलै वाया घालवत नाही.

दहाच्या सुमाराला रेडिओवर दाजींचा आवाज आला. “इंजिन बंद पडलंय. दीपगृहाच्या उत्तरेला, खूप आत आहे. कुणीतरी ओढून न्या रे, पोरीचं लग्न आहे!”

मग व्हर्जिलने विचारलं, “कुठल्या चमच्यावर बंद पडलं?”

बोटीबोटीवर हशा पिकला. क्लेटस उत्तरेला बोलावतोय म्हणजे मासे दक्षिणेला, एवढं कुणालाही कळत होतं. सगळ्यांनी बोटी दक्षिणेला वळवल्या. मीही वळवली. तटरक्षकांनी दाजींना विचारलं, बुडताय का? नाही म्हटल्यावर ते म्हणाले, मग ओढणारी बोट संध्याकाळी येईल.

“आईची शपथ, उत्तरेलाच आहे मी!” दाजी कळवळले.

“आईची शपथ घेतली,” व्हर्जिल म्हणाला. “मासे फारच मोठे दिसताहेत. अजून दक्षिणेला चला.”

दाजी विनवत राहिले, आम्ही लांब जात राहिलो. शेवटी त्यांचा आवाज रडवेला झाला. तेवढ्यात रेडिओवर एका पोरीचा हुंदका ऐकू आला. नवरा कधी परततोय ते कळावं म्हणून आमच्याकडे घरोघरी ओट्यावर तसलाच रेडिओ असतो, त्यावरून रोझान बोलत होती.

“बाबा, काय केलंत हे! आपली जागा सगळ्यांना सांगून टाकलीत? आता पाया पडते, चमच्याचा रंग तरी बोलू नका!”

मग प्रत्येक बोटीवर भराभरा दोऱ्या गुंडाळल्या गेल्या आणि सगळा तांडा उत्तरेला सुटला. वादळ आलं तेव्हाही आमच्या लोकांची इतकी तारांबळ मी पाहिली नव्हती. त्या गोंधळात दाजी हळूच म्हणाले, “पोरी, तू माझीच गं.” ते फक्त मी ऐकलं असावं.

पोचतो तर दाजी खरोखरच उघड्या इंजिनाशेजारी बसलेले. आमच्या लोकांनी तिथेच गळ सोडले आणि व्हर्जिलला पहिल्याच फेरीत हा एवढा सामन लागला! मग दाजींना ओढायला कोण जातंय? मी नवरीचा मामा, मला सुटका नव्हती. “तुमच्या दोऱ्या गुंडाळू लागू का?” असं विचारलं तर दाजी म्हणाले, “नको, आवरलंय सगळं.”

चर्चच्या दारात लुसीलने त्यांच्या तेलकट विजारीवर कोट चढवला आणि तोंडाचा पट्टा सोडत आत गेली. रोझान पांढऱ्या झग्यात उभी होती.

“बाबा, आता मला तरी खरं सांगा. कुठला लावला होता?”

खोटं कशाला बोलू, मीही कान टवकारले.

“कुठलाच नाही,” दाजी म्हणाले. “पेटी उघडली, सगळे मांडले. पण हातात घेईन तो तू ओढलेला. एकही लावावासा वाटेना. मग तसाच बसून राहिलो.”

व्हर्जिलने यावर विश्वास ठेवला नसता. रोझानने ठेवला. तिचे डोळे भरून आले, मला तर नाकच पुसावं लागलं. आत ऑर्गन सुरू झाला तसे दाजी उशीर झाला म्हणून तिला घेऊन घाईघाईने आत निघाले. रोझानने त्यांचा हात धरून त्यांना मागे खेचलं.

“हळू,” ती म्हणाली. “सामन म्हातारा आहे.”

आणि दिवाणखान्यातल्या त्याच सावकाश चालीने ती बापाला आत घेऊन गेली.