किल्ल्याच्या दारातले ‘जातो’

“‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावं.” कारखान्यातले माझे सोबती, ज्यांना सगळेच मामा म्हणत, निघणाऱ्या प्रत्येकाला उंबऱ्यावर अडवून हे ऐकवत. बडोद्यातल्या मकरपुऱ्याच्या आमच्या कारखान्यात पाळी सुटताना गुजराती सोबती ‘आवजो’, म्हणजे ‘पुन्हा या’, म्हणाले की ते खूष. “बघा, यांना कळतं.” शब्द चुकला तर अनर्थ होईल, अशा धास्तीने जगणारे गृहस्थ तुम्हीही पाहिले असतील.

म्हणूनच आमच्या तरसाली वस्तीत अजून चघळली जाणारी कथा मला मान्य नाही. मामांनी एकुलत्या एका मुलाला कायमचे तोडले, असे लोक सांगतात. खुद्द मुलगाही तेच सांगतो. सांगोत बापडे. मी तेथे होतो.

मुलगा दीवला हॉटेलात नोकरीस गेला, एका मारामारीत सापडला आणि बंदरावरच्या किल्ल्यातल्या तुरुंगात खटल्याची वाट पाहत राहिला. मामांचे घराणे संस्थानच्या फौजेतले. त्यांनी त्याचे नाव घेणे सोडले.

कारखान्यात परदेशी भागीदार आले त्या वर्षी सहल दीवला निघाली. गुजरातच्या दारूबंदीतून सुटलेली मंडळी थेट बारकडे वळली. मामा किल्ल्याची वाट धरताना कुणीतरी म्हणाले, “मामा, तिकडे बाटली नाही मिळत.” ते हसले नाहीत. मी सोबत गेलो.

वाटाड्या दाखवत होता : या फिरंग्यांच्या तोफा, हे दारूकोठार, ते प्रार्थनाघर, पलीकडे दीपस्तंभ. मामांनी एवढेच विचारले, “माणसं कुठे ठेवतात?”

मुलगा गजांपाशी येऊन उभा राहिला. मग मामांनी बडोद्याहून आणलेली लिल्या, म्हणजे बटाट्याच्या ओलसर, चिवड्याची पुडी पुढे केली. “जेवतोस ना?” मुलाने मान हलवली. वेळ संपली तेव्हा तो म्हणाला, “आवजो, बाबा.”

मामा दचकले. ओठ आवळून, माझ्या ऐकण्यात प्रथमच, म्हणाले, “जातो.”

तुरुंगाच्या दारात ‘येतो’ म्हटले की ते दार पुन्हा बोलावते, अशी त्यांची समजूत. मुलाने मात्र तो शब्द स्वतःवर घेतला. त्याचा पडलेला चेहरा आम्ही दोघांनीही पाहिला.

खटल्याचा निकाल लागण्याआधीच मामा गेले. सुटून आलेला मुलगा परवा माझ्या ओट्यावर बसून म्हणाला, “काका, शेवटचं ‘जातो’ म्हणून गेले ते.”

“शेवटचं ते नव्हतं,” मी त्याला सुनावले.

परतीच्या बसमध्ये मागे गाणी रंगली होती. खाडीवरच्या पुलावर किल्ला मागे पडू लागला, तसे मामांनी खिडकीच्या काचेला कपाळ टेकले आणि अगदी हळू म्हणाले, “येतो रे.”