मावशीला न सांगण्याचा ठराव

सोलापुरातल्या आमच्या तरुणांच्या क्लबात ठरावाशिवाय पान हलत नसे. चहा भज्यांबरोबर घ्यावा की नुसता, यालाही सूचक आणि अनुमोदक लागे. मंगळवेढ्याच्या शाळेत मोतीबिंदूचं शिबिर भरवायचं, हेही असंच हात वर करून ठरलं.

सत्तरच्या दशकातल्या त्या काळात ऑपरेशन झालं की पेशंटला डोळ्यांवर पट्टी बांधून उताणं निजवत. हलायचं नाही, खोकायचं नाही, हसायचं नाही, रडायचं तर मुळीच नाही, नाहीतर डोळा जाईल, असा डॉक्टरांचा दम होता. त्यामुळे अध्यक्षांचं विनोदी भाषण रद्द झालं. त्या भाषणाला आजवर कोणी हसलं नव्हतं, पण डॉक्टर धोका पत्करायला तयार नव्हते.

प्रत्येक सभासदाकडे एक पेशंट दिला होता. माझ्या वाट्याला एक विधवा मावशी आली. तिचा एक डोळा आधीच गेलेला, ऑपरेशन झालं ते उरलेल्या डोळ्याचं. तिची धाकटी बहीण गावातच राहायची. ती दोन्ही वेळा येऊन दुधात भाकरी कुस्करून तिला भरवायची, मला वाटीला हातही लावू द्यायची नाही. एके सकाळी बहिणीऐवजी तिचा शेजारी आला. बहीण झोपेतच गेली होती.

व्हरांड्यात तातडीची सभा बसली. पट्टी सुटेपर्यंत मावशीला काही सांगायचं नाही, असा ठराव एकमताने मंजूर झाला. अंमलबजावणी अर्थातच माझ्या गळ्यात पडली. मी भाकरी कुस्करली आणि म्हणालो, "त्यांना जरा ताप आलाय." मावशी मुकाट्याने जेवली. पुढे मी रोज भरवत राहिलो आणि तापाचा चढउतार सांगत राहिलो. आपल्याला हे छान जमतंय असं मला वाटत होतं. क्लबातलं वक्तृत्वाचं बक्षीस माझ्याकडेच होतं.

पट्टी सुटली. मावशीने डॉक्टरांची बोटं बरोबर मोजली. मग माझ्याकडे पाहिलं.

"भन गेली न्हवं माजी?"

मी सवयीने तापाचं सांगू लागलो.

"जिती असती तर तापातबी आली असती की. मला दुसऱ्याच्या हातनं खाऊ दिलं असतं व्हय तिनं?" मग ती डॉक्टरांकडे वळली. "आता रडू का?"

डॉक्टरांनी पुन्हा बॅटरी मारून डोळा पाहिला. "अजून थोडे दिवस नको."

"बरं," म्हणाली आणि परत उताणी निजली.

मी व्हरांड्यात जाऊन खांबाआड रडलो. माझ्या डोळ्यांना कोणी मनाई केली नव्हती.